कापलेला प्रसंग

कलावंताचे खाजगी जीवन त्याच्या कृतीच्या परीक्षणात कितपत आणावे, हा टीकाशास्त्रातील जुनाच वाद होय. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) या बोलपटाचा दिग्दर्शक जेम्स व्हेल याजविषयी लिहिताना तो टाळता येत नाही.

व्हेल १८८९ साली इंग्लंडातील डडली येथे एका कामगाराच्या घरी जन्मला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या हाती सापडला आणि युद्धकैद्यांच्या छावणीतच त्यास नाटके बसविण्याचा नाद लागला. पुढे शेरिफच्या 'जर्नीज एंड' या युद्धनाटकाच्या यशाने त्यास हॉलिवूडचे दार उघडून दिले. तो समलिंगी होता, आणि हे लपविण्याची त्याने फारशी खटपट केली नाही. निर्माता डेव्हिड लुईस याजसह तो अनेक वर्षे एकत्र राहिला.

समाजाने झिडकारलेला तो राक्षस म्हणजे स्वतः व्हेलच, असे आता कित्येक टीकाकार प्रतिपादतात. हे समीकरण मला अपुरे वाटते. रणभूमीवरील मरण पाहिलेला सैनिक आणि वर्गाभिमानी देशातला कामगारपुत्र, हे दोघेही त्या करुणेचे वाटेकरी नाहीत काय? 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मधील अंध संन्यासी राक्षसाला भाकरी देतो व 'मित्र' हा शब्द शिकवितो. कोणाही एकाकी माणसाला तो प्रसंग आपलाच वाटेल.

तथापि त्याच्या जीवनाविषयी मौन पाळावे, असेही मी म्हणणार नाही. पहिल्या बोलपटात राक्षस एका बालिकेसह तळ्यात फुले सोडतो. फुले संपताच, तीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तिला पाण्यात टाकतो, आणि ती बुडताच भेदरून पळतो. सेन्सॉरने हा शेवट कापला. परिणाम विपरीत झाला! राक्षसाचा हात पुढे होतो, आणि नंतर एकदम बालिकेचे प्रेतच दिसते. मधल्या जागी प्रेक्षक अधिक घोर अपराध कल्पू लागले. तो भाग पुन्हा जोडला जाण्यास अनेक दशके लागली.

व्हेलचेही तसेच झाले. १९५७ साली त्याने आपल्या घरच्या जलतरण-तलावात आत्महत्या केली. त्याची अखेरची चिठ्ठी कित्येक वर्षे अप्रकट राहिल्याने नाना कुतर्क उठले. 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स' (१९९८) या चित्रपटाने त्याचे नाव नव्या पिढीपुढे आणले, हे योग्यच झाले.

कात्री सत्यावर चालविली की राक्षस निर्माण होतात. परंतु एकाच सत्याने सारा कलावंत झाकून टाकणे, हीदेखील कात्रीच नव्हे काय?