‘खोली’, ‘उठाव’ आणि ‘अंतर’ : एक संज्ञाविचार

सूक्ष्मभिंगांची जाळी बसविलेला कॅमेरा एकाच छायाचित्रात दृश्याची ‘खोली’ मोजतो, असे सामान्यतः सांगितले जाते. ह्या विधानातील ‘खोली’ हे नाम आणि ‘मोजतो’ हे क्रियापद, दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत.

सूक्ष्मभिंगांच्या रांगांतून चित्र घेण्याची कल्पना लिपमन ह्यांनी १९०८ साली मांडली. ॲडेलसन व वांग ह्यांनी १९९२ साली ती मुख्य भिंगाशी जोडली. प्रत्येक सूक्ष्मभिंगामागील बिंदुसमूह किरणाची दिशा नोंदवितो. त्यामुळे मुख्य भिंगाच्या डाव्या व उजव्या कडेतून दिसणारी दृश्ये निराळी काढता येतात आणि त्यांतील वस्तूंच्या सरकण्यावरून अंतराचे गणित मांडता येते. नोंद किरणांची होते. अंतर हे अनुमान होय.

आता अंबरनाथचे शिवमंदिर घ्यावे. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेल्या ह्या मंदिराचा गाभारा सभामंडपाहून सुमारे वीस पायऱ्या खाली आहे, मराठी भाषक ‘खोल’ म्हणतो तो ह्यास. बाह्य भिंतीवरील मूर्तींना ‘उठाव’ असतो, आणि पाहणाऱ्यापासून त्या काही ‘अंतरा’वर असतात. इंग्रजीतील एका शब्दात हे तिन्ही अर्थ सामावतात. म्हणून भाषांतरात ते एकत्र गोळा होतात. कॅमेऱ्याला प्रत्यक्षात तिसराच अर्थ ठाऊक आहे. उठाव हा दोन अंतरांच्या वजाबाकीनेच मिळतो.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. दोन दृश्यांमधील पाया मुख्य भिंगाच्या छिद्राहून मोठा होऊ शकत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते. मूर्तीचा उठाव जेमतेम चार बोटे असेल, तर प्रांगणातून केलेल्या अनुमानातील चूक तो सहज गिळून टाकील. शिवाय एका सूक्ष्मभिंगामागे १० × १० बिंदू खर्ची पडले, तर चित्राचे बिंदू शंभरांशच उरतात. १८६८ साली ह्याच मंदिराचे साचे घेण्यात आले, तेव्हा उठाव दगडाच्या स्पर्शाने मिळाला होता. नवे साधन दगडास न शिवता एका क्षणात काम करते, हा त्याचा निःसंशय गुण होय. तथापि तो गुण भिंतीच्या निकट उभे राहिल्यासच फळास येतो.

म्हणून अशा यंत्राच्या कार्यास ‘अंतरानुमान’ म्हणणे युक्त ठरेल. ‘उठाव’ मूर्तीसाठी व ‘खोली’ गाभाऱ्यासाठी राखावी. झिजत चाललेल्या शिल्पाची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने अनुमानास माप समजणे म्हणजे पुढील पिढीच्या हाती चुकीचा दगड देणे होय.