रविवार उरला, सोमवार गेला

१९४५च्या डिसेंबरात जॉर्ज ऑरवेलने 'इव्हिनिंग स्टँडर्ड'मध्ये इंग्लिश स्वयंपाकाची बाजू घेणारा एक छोटा लेख लिहिला. त्याची तक्रार अशी की परक्या माणसाला आमचे चांगले जेवण कळतच नाही, कारण ते हॉटेलात मिळत नाही. उत्तम यॉर्कशायर पुडिंग खायचे तर अगदी गरिबाच्या घरी जावे. आज चित्र नेमके उलटे आहे. मांस आणि गुर्दे पिठाच्या आवरणात वाफवून केलेले स्टेक अँड किडनी पुडिंग लंडनच्या नावाजलेल्या रेस्टॉरंटात मिळते, घरात नाही.

या ऱ्हासाची चर्चा नेहमी पदार्थांच्या यादीने होते आणि तिथेच ती फसते. ब्रिटिश घरगुती स्वयंपाक म्हणजे आठवड्याचा हिशेब होता. रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजायचा. सोमवार धुण्याचा दिवस, चूल पाणी तापवण्यात अडकलेली. म्हणून थंड मांसाचे काप आणि उरलेले बटाटे-कोबी तव्यावर परतून केलेले बबल अँड स्क्वीक. मंगळवारी उरलेसुरले मांस बारीक करून, वर बटाट्याचा थर देऊन शेफर्ड्स पाय. हाडे सूपला. भाजताना गळलेली चरबी वाडग्यात थिजवून, मीठ भुरभुरवून पावाला लावायची. यॉर्कशायर पुडिंगही याच काटकसरीतले: विस्तवासमोर फिरणाऱ्या मांसाखाली पिठाचे पातळ मिश्रण ठेवायचे, म्हणजे गळणारा थेंबही वाया जात नाही. यॉर्कशायरमध्ये ते मांसाच्या आधी वाढत, पोट निम्मे भरावे म्हणून. आता ते गोठवलेल्या पाकिटातून येते, आणि तेही मांसाच्या बाजूला. रविवारचा रोस्ट पबमध्ये जिवंत आहे, गर्दीही होते. पण पबमध्ये खाणाऱ्याच्या घरी सोमवारसाठी काही उरत नाही. माझ्या मते खरी पडझड इथे झाली.

दुसरी गोष्ट, या स्वयंपाकाला मसाल्याचा आडोसा नाही. हॅना ग्लासच्या १७४७च्या पाककृतींच्या पुस्तकाच्या नावातच साधेपणाची आणि सोपेपणाची ग्वाही आहे. ताजे मटण, कोवळा वाटाणा, घरचे बटर एवढ्यावर उभे असलेले जेवण माल बिघडला की लगेच उघडे पडते. गायराने कुंपणात गेली, माणसे गिरणीगावांत आली, तेव्हा गाय, डुक्कर आणि परसातली भाजी तिन्ही मागे राहिली. अनेक घरांत भट्टीसुद्धा नव्हती. रविवारचे मांस बेकरीच्या भट्टीत भाजायला द्यावे लागे. त्यात मिसेस बीटन १८६१च्या आपल्या जाडजूड ग्रंथात मोठी गाजरे दोन तासांच्या आसपास उकडायला सांगतात. एवढ्या उकडीनंतर गाजरात काय राहत असेल कोण जाणे.

म्हणून सगळे खापर युद्धकाळच्या रेशनवर फोडणे मला पटत नाही. घाव मात्र मोठा होता. जानेवारी १९४० ते जुलै १९५४, साडेचौदा वर्षे. आठवड्याला माणशी साधारण एक अंडे आणि सुमारे ५७ ग्रॅम बटर. चीजसाठीचे बहुतेक दूध एकाच सरकारी चेडरच्या साच्यात गेले आणि गावोगावची चीज बुडाली. पोषण समान झाले हे खरे; पण त्या काळात ज्या मुली स्वयंपाक शिकल्या, त्या अंड्याची भुकटी वापरायला शिकल्या.

१९५०मध्ये एलिझाबेथ डेव्हिडने भूमध्य सागरी स्वयंपाकावर पुस्तक काढले. ऑलिव्ह तेल तेव्हा औषधाच्या दुकानात मिळे. तिने मध्यमवर्गाला चांगले खायला शिकवले, पण दुसऱ्याचे. रेशन संपले त्याच वर्षी डोरोथी हार्टलीचा 'फूड इन इंग्लंड' आला, १९७४मध्ये जेन ग्रिगसनचा 'इंग्लिश फूड', दोन्ही उत्तम. डेव्हिड स्वतःही पुढे इंग्लिश पावाकडे वळली. तोवर वाचक टस्कनीला पोचले होते.

सोयीच्या डब्यांनी तर त्याआधीच घर धरले होते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७मध्ये, बायकोला अंडे सोसत नाही म्हणून, कॉर्नफ्लॉरची कस्टर्ड पावडर काढली. आपल्याकडच्या अंडे न खाणाऱ्या घरांना ती चांगलीच मानवली. फ्रूट कस्टर्ड तिच्याशिवाय होत नाही. पण तिकडे अंड्याच्या बलकाचे, मंद आचेवर ढवळत बसायचे कस्टर्ड बाजूला पडले आणि पिवळी पावडरच कस्टर्ड ठरली.

१९९४मध्ये फर्गस हेंडरसनने लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराजवळ 'सेंट जॉन' हे रेस्टॉरंट उघडले आणि भाजलेल्या हाडांतली मज्जा पार्स्लीच्या कोशिंबिरीसोबत वाढली. नाकापासून शेपटीपर्यंत सगळे वापरायचे, हा जुन्या गृहिणीचाच बाणा. हे पुनरुज्जीवन अस्सल आहे, यात शंका नाही. मात्र ते पगारी हातांचे आहे. घरात चार तास पुडिंग वाफवणारी बाई आता नोकरीवर जाते, आणि तिने परत चुलीपाशी बसावे असे म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. तिच्या जागी पुरुष चुलीपाशी बसला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

राहिली शाळा. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्ये स्वयंपाक 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' विषयात कोंबला गेला. मुले पिझ्झाच्या खोक्याची चित्रे काढतात अशी टीका झाली. २०१४पासून चौदा वर्षांपर्यंत स्वयंपाक पुन्हा अभ्यासक्रमात आला आहे. पण तासिका तासाभराची. तिच्यात पास्ता सॉस बसतो, सूप बसते. गुर्द्याभोवतीच्या चरबीचे पीठ मळून, फडक्यात बांधून वाफवायचे पुडिंग बसत नाही.