‘साइझ’ कमांडचे परीक्षण : तीन खरे आकडे आणि एक फसवी बेरीज

सी भाषेच्या प्रात्यक्षिकांत हमखास दिला जाणारा एक प्रयोग आहे. प्रोग्रॅम कंपाइल करा, तयार झालेल्या फाइलवर ‘साइझ’ ही कमांड चालवा आणि आलेले आकडे वहीत लिहा. आकडे सगळेच बरोबर उतरवतात. खाली निष्कर्ष म्हणून बहुतेक वह्यांत एकच वाक्य असते : ‘प्रोग्रॅमचा आकार इतके बाइट.’ हे वाक्य जवळजवळ नेहमी चुकीचे असते. चूक एकट्या विद्यार्थ्याची नाही. थोडी कमांडची आहे आणि बरीचशी आपल्या शिकवण्याची. या टिपणात तिचाच विचार करू.

कमांड काय दाखवते?

लिनक्सवर मिळणारी ‘साइझ’ ही जीएनयू बिनयुटिल्स या संचातली कमांड. काही न सांगता चालवली तर ती ‘बर्कली’ पद्धतीने एक ओळ देते. तीत टेक्स्ट, डेटा, बीएसएस, डेक, हेक्स आणि फाइलचे नाव असे स्तंभ असतात. टेक्स्टमध्ये यंत्रसूचना येतात. डेटामध्ये सुरुवातीची किंमत दिलेले ग्लोबल व स्टॅटिक चल येतात. किंमत न दिलेले किंवा शून्य दिलेले चल बीएसएसमध्ये जातात. डेक ही या तिन्हींची दशमान बेरीज आणि हेक्स हीच बेरीज षोडशमान पद्धतीत. हेक्स हा वेगळा आकार नव्हे, हे मुद्दाम सांगावे लागते. तो आकडा ‘दुसरे माप’ म्हणून लिहिलेला अनेक वह्यांत आढळतो.

पहिले तीन आकडे विश्वासाचे आहेत. कमांड प्रोग्रॅम चालवत नाही, अंदाज बांधत नाही. फाइलमधील सेक्शनांच्या नोंदी वाचून सांगते. माझा आक्षेप चौथ्या स्तंभावर आहे.

बेरजेची परीक्षा

एक लहान प्रोग्रॅम घ्या. त्यात दहा लाख पूर्णांकांचा ग्लोबल ॲरे घोषित करा, किंमत देऊ नका. पूर्णांक ४ बाइटचा धरला तर बीएसएस ४०,००,००० बाइटच्या वर जाईल. आता ‘एलएस -एल’ने फाइल मोजा. ती काही किलोबाइटचीच राहील, कारण बीएसएससाठी फाइलमध्ये फक्त ‘इतकी जागा लागेल’ एवढी नोंद असते, प्रत्यक्ष शून्ये साठवलेली नसतात.

आता त्याच ॲरेच्या पहिल्या घटकाला १ ही किंमत द्या आणि पुन्हा कंपाइल करा. संपूर्ण ॲरे बीएसएसमधून डेटामध्ये गेला. फाइल सुमारे ४० लाख बाइटने फुगली. आणि डेक? जवळजवळ तिथेच! फाइल इतकी वाढूनही बेरीज जागची हलली नाही. म्हणजे डेक हा फाइलचा आकार नाही.

मग तो मेमरीचा आकार म्हणावा का? तेही नाही. स्टॅकवरचे स्थानिक चल आणि मॅलॉकने घेतलेली जागा त्यात नसते. प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या सामायिक लायब्ररी त्यात नसतात. उलट, बीएसएसमधील ज्या पानांना प्रोग्रॅमने हातही लावला नाही, त्यांना लिनक्स प्रत्यक्ष मेमरी देत नाही. बेरजेत मात्र ती धरलेली असतात.

चूक कुठे महागात पडते?

लॅपटॉपवर हा घोटाळा खपून जातो. सूक्ष्मनियंत्रकावर खपत नाही. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश आणि केवळ २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट, रॅम असते. समजा कमांडने टेक्स्ट ९,०००, डेटा ७०० आणि बीएसएस ९०० दाखवले. डेक १०,६०० येईल आणि विद्यार्थी म्हणेल, ‘३२ किलोबाइटमध्ये आरामात बसते.’

हिशोब असा करायला हवा. फ्लॅशमध्ये टेक्स्ट अधिक डेटा, म्हणजे ९,७०० बाइट. रॅममध्ये डेटा अधिक बीएसएस, म्हणजे १,६०० बाइट. डेटा दोन्हीकडे मोजायचा, कारण त्याच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये राहतात आणि चालू होताना रॅममध्ये उतरवल्या जातात. आता स्टॅक आणि हीपसाठी उरले ४४८ बाइट. एखाद्या फंक्शनमध्ये ५१२ बाइटचा स्थानिक बफर असला की तो इतर चलांवर जाऊन बसेल. तिथे अडवणारे कोणी नाही; चूक दाखवणारा संदेश येत नाही, नुसते चमत्कारिक आकडे येऊ लागतात. विद्यार्थी मग दोन दिवस सेन्सर आणि वायरी बदलत बसतो. आर्डुइनोचा संपादक प्रोग्रॅमची जागा आणि ग्लोबल चलांची जागा वेगवेगळी सांगतो, स्थानिक चलांसाठी किती उरले तेही सांगतो. कमांडने जे करायला हवे होते, ते तिथे केलेले दिसते.

कमांडची बाजू

न्यायाने बोलायचे तर ही बेरीज मुळात मूर्खपणाची नव्हती. १९७० च्या दशकात युनिक्स पीडीपी-११ या यंत्रांवर चालत असे. पत्ता १६ बिटांचा, म्हणून पत्ताक्षेत्र ६४ किलोबाइटचे. प्रोग्रॅम सगळाच्या सगळा मेमरीत आणला जाई. तेव्हा तिन्हींची बेरीज म्हणजे, स्टॅक सोडला तर, लागणारी जागाच होती. काळ बदलला, स्तंभ तसाच राहिला.

दुसरा आक्षेप टेक्स्ट या नावावर. बर्कली पद्धतीत केवळ वाचण्याजोगा डेटाही टेक्स्टमध्ये धरला जातो. त्यामुळे मोठा स्थिर तक्ता घातला की ‘कोड वाढला’ असे वाटते. मोठ्या ‘ए’चा पर्याय दिला तर प्रत्येक सेक्शन सुटा दिसतो, मोठ्या ‘जी’च्या पर्यायात असा डेटा डेटाच्या स्तंभात जातो. पर्याय आहेत, पण न मागता मिळते ते जुनेच. नवशिक्या तेच पाहतो.

निष्कर्ष

कमांड टाकून देण्याजोगी नाही. डीबग माहितीसह कंपाइल केल्यावर फाइल फुगते, ‘स्ट्रिप’ केल्यावर आक्रसते. दोन्ही वेळा ‘साइझ’चे आकडे तेच राहतात. हा तिचा मोठा गुण आहे. आक्षेप आहे तो प्रश्न न विचारता उत्तर उतरवून घेण्याच्या सवयीला. शिक्षकांनी प्रयोगाच्या पत्रकातून ‘प्रोग्रॅमचा आकार लिहा’ ही ओळ काढावी आणि ‘फाइल किती, फ्लॅश किती, रॅम किती?’ असे तीन प्रश्न घालावेत.

स्वाध्याय : वरील ॲरे एकदा ग्लोबल, एकदा कॉन्स्ट आणि एकदा फंक्शनच्या आत घोषित करा. ॲरेचा प्रोग्रॅममध्ये कुठेतरी वापर करा, नाहीतर कंपायलर तो गाळू शकतो. प्रत्येक वेळी कोणता स्तंभ हलेल ते आधी वहीत लिहा, मगच कमांड चालवा.