क ते ठ, एक ते दहा

जहाजं बुडवायच्या या खेळात काहीही लपवायला पूर्ण मुभा आहे, पण समोरच्याने नेमकं विचारलं की खरं सांगावंच लागतं. माझ्या मते खेळाचं सगळं सौंदर्य या एका अटीत आहे. दुकानात तो ‘बॅटलशिप’ या नावाने खोक्यात मिळतो, पण मुळात तो कागद-पेन्सिलीचा खेळ आहे आणि त्याचा रस घ्यायचा तर कागदावरच घ्यावा.

हा जहाजांचा खेळ जिथे रंगतो त्या देवरूखला समुद्र नाही. संगमेश्वर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकलेलं आहे. समुद्र बघायचा तर पन्नासएक किलोमीटरवर रत्नागिरी गाठावी लागते. पाणी मात्र इथे वरून येतं. जूनपासून पाऊस असा लागतो की सप्तलिंगी नदी दुथडी भरते, वीज जाते आणि पोरं पडवीत अडकतात. अशा दुपारी ज्याला वीज, सोंगट्या, फासे यांतलं काहीच लागत नाही असा खेळ घराघरांत टिकतो. गणिताची चौकटीची वही, दोन पेन्सिली आणि मध्ये उभं करायला एखादं दप्तर एवढ्यावर भागतं.

पान उघडलं की प्रत्येकाने दहा बाय दहाचे दोन चौकोन आखायचे. डावीकडच्यात स्वतःची जहाजं मांडायची, उजवीकडचा कोरा ठेवायचा. ही मांडणी मला फार अर्थपूर्ण वाटते. डावा चौकोन पहिल्या दोन मिनिटांत लिहून पुरा होतो आणि मग खेळ संपेपर्यंत त्यात आपल्या हाताने काहीच घालता येत नाही. उजवा चौकोन कोरा सुरू होतो आणि फुल्या-ठिपक्यांनी भरत जातो. म्हणजे खेळणारा डावीकडे लेखक असतो आणि उजवीकडे वाचक. डावीकडे त्याला सगळं ठाऊक आहे पण करता काही येत नाही. उजवीकडे काही ठाऊक नाही, पण जे काही करायचं ते तिथेच.

इंग्रजी खेळात ‘ए’पासून ‘जे’पर्यंत अक्षरं असतात. आपल्याकडे पोरं आडव्या ओळीवर क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ लिहितात. ङ आणि ञ बाजूला ठेवले की बरोबर दहा अक्षरं होतात, जणू चौकोन बघूनच वर्णमाला बेतली असावी. उभे आकडे एक ते दहा, म्हणजे शंभर घरं. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ट आणि ठ यांत घोटाळा होतो. मग पहिलीतला तक्ता मदतीला येतो आणि पडवीतून आवाज येतो: ‘ठशाचा ठ, चार!’ किंवा ‘टरबुजाचा ट, नऊ!’

जहाजं पाच. सगळ्यात मोठं पाच घरांचं, मग चारचं, तीन-तीनची दोन आणि दोन घरांचं एक. खोक्यातल्या खेळात ती विमानवाहू नौका, युद्धनौका, पाणबुडी अशी असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांनी त्यांना आपली नावं द्यावीत असं मला मनापासून वाटतं: पाच घरांची पाल, चारची गुराब, तीनचं गलबत, तीनचंच शिबाड आणि दोन घरांचा मचवा. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबतं खरोखरच जोडीने लढत. गुराब नाळेवरच्या तोफांनी मारा करी आणि शत्रूच्या जहाजांवर चढायला माणसं घेऊन गलबतं पुढे सरत. ही नावं कागदावर आली की डाव आपल्या किनाऱ्यावर येतो.

जहाज आडवं किंवा उभं मांडायचं, तिरकं नाही. दोन जहाजं एकमेकांना चिकटलेली चालतील की नाही, हे सुरू करण्याआधी ठरवून घ्यायचं, नाहीतर पुढे भांडण होतं. मग पाळीपाळीने एकेक घर पुकारायचं. तिथे जहाजाचा भाग असेल तर ‘लागलं’, नसेल तर ‘पाणी’. जहाजाची सगळी घरं लागली की ‘बुडालं’. पाचही जहाजांची मिळून सतरा घरं. ती आधी संपवेल तो जिंकला.

आता एक डाव जवळून बघू. पडवीत नववीतली ताई आणि सहावीतला धाकटा. मध्ये दप्तर.

‘च पाच.’

‘पाणी!’ धाकटा जवळजवळ ओरडतो.

ताई मान वर करून त्याच्याकडे बघते. ठिपका देते. धाकट्याची पाळी होते, तो कोपऱ्यात कुठेतरी मारतो, पाण्यात जातो. मग ताई म्हणते, ‘च सहा.’

धाकटा गप्प. पेन्सिलीचं टोक चावतो. मग खाली बघूनच म्हणतो, ‘लागलं.’

‘पण कसं कळलं गो ताई तुला?’

‘तू ओरडलास ना मघाशी.’

त्यानंतर तो प्रत्येक ‘पाणी’ एकाच सपाट आवाजात म्हणायला शिकतो. जहाज अगदी खेटून असलं तरी तसंच आणि चार हात लांब असलं तरी तसंच. मला या प्रसंगात खेळाचा गाभा दिसतो. शब्द दोनच आहेत आणि दोन्ही खरेच बोलायचे आहेत, पण खरं बोलतानाही माणूस किती बोलून जातो! नियमाने त्याला घराबद्दल खरं सांगायला लावलं. सुटकेचा आनंद त्याने स्वतः होऊन सांगितला. उत्तर खरं द्यायचं आणि तरी त्यापलीकडे काही सुटू द्यायचं नाही, हे कसब त्या वयात पडवीत बसून कमावता येतं.

ताईने पहिला नेम ‘च पाच’वर का धरला, हेही बघण्यासारखं आहे. शंभर घरांच्या चौकोनात पाच घरांची पाल एकूण १२० प्रकारे मांडता येते. त्यातल्या १० मांडण्या मधल्या ‘च पाच’ घरातून जातात आणि कोपऱ्यातल्या ‘क एक’मधून फक्त २. पाचही जहाजांचा असाच वेगवेगळा हिशेब करून बेरीज केली तर ७६० मांडण्या होतात. त्यातल्या ३४ मधल्या घरावरून जातात, कोपऱ्यावरून १०. म्हणजे मध्ये मारलेला नेम चुकला तरी तो ३४ शक्यता खोडून जातो. कोपऱ्यातला चुकला तर दहाच. ‘पाणी’ हा शब्द ऐकून पोरं हिरमुसतात, पण या खेळात सगळ्यात जास्त वेळा माहिती याच शब्दातून मिळते. सुरुवातीला शंभरातली त्र्याऐंशी घरं पाण्याची आहेत. तेव्हा ज्याला ‘पाणी’ वाचता येतं तोच खेळतो. ज्याला फक्त ‘लागलं’ ऐकायचं असतं तो नशिबावर बसून राहतो.

याच विचाराने पुढे गेलं की एक देखणी युक्ती सापडते. सगळ्यात छोटा मचवासुद्धा दोन घरांचा आहे. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरंच मारत गेलं तरी कोणतंही जहाज निसटत नाही. प्रत्येकाचं निदान एक तरी घर त्या पन्नासांत पडतंच. मचवा बुडाला आणि उरलेलं लहानात लहान जहाज तीन घरांचं असलं की दर तिसरं घर पुरतं. समोरच्याचे नेम तिरक्या रांगांत पडू लागले की समजावं, तो आता अंदाजाने खेळत नाही.

ही युक्ती ठाऊक झालेली मुलं मांडणी बदलतात. मध्ये मारतात म्हणून जहाजं कडेला नेतात. मग ताई कडा चाळते आणि धाकटा पुन्हा मध्ये येतो. इथे गणित थांबतं आणि समोरच्या माणसाचा स्वभाव वाचणं सुरू होतं. चिकटवण्याची मुभा असेल तर काही पोरं दोन जहाजं शेजारी लावतात, म्हणजे ओळीत लागलेले नेम एकाच जहाजाचे वाटून समोरचा फसतो. डाव चांगला आहे, पण धोकाही तिथेच आहे: एकाचा माग काढताना दुसरं आयतं सापडतं. आपल्या किनाऱ्यावर याचा फार कडू दाखला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांची जहाजं बंदरात एकमेकांना बांधून दाटीने उभी होती. एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला लागत सगळं आरमार जळालं. त्याच हिवाळ्यात आधी कमोडोर जेम्स येऊन बंदराच्या पाण्याची खोली मोजून आणि उभ्या जहाजांचा अंदाज घेऊन गेला होता. म्हणजे मारा करण्याआधी त्याने बंदर वाचलं होतं. वाघोटणच्या खाडीची एवढी आडोशाची जागा असताना आरमार एका ठिकाणी गोळा झालं, याची हळहळ मला प्रत्येक वेळी वाटते.

खऱ्या समुद्रात मात्र ‘लागलं’, ‘पाणी’ कोणी सांगत नाही. तिथे खोटं बोलायची पूर्ण मुभा आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी आपल्या विमानवाहू ‘विक्रांत’च्या शोधात बंगालच्या उपसागरात आली. ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानकडे होती. पण नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमलाच आहे असा भास उभा केला. मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिध्याच्या मागण्या नोंदवल्या, तिच्या नावाने संदेश सोडले. ३ आणि ४ डिसेंबरमधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशाने बुडाली यावर दोन देशांचं म्हणणं आजही वेगळं आहे, पण ‘विक्रांत’ त्या घरात नव्हती यात वाद नाही. कागदावरच्या खेळाने युद्धातली लपवाछपवी घेतली आणि ही खोटं बोलण्याची वाट तेवढी बंद केली. म्हणून तर त्याला खेळ म्हणता येतं. दप्तरापलीकडचं पान दिसत नाही, तपासायला पंच नाही. समोरच्याच्या शब्दावर विसंबून आपण आपला ठिपका देतो. ज्याला आपण बुडवायला निघालोय त्याच्यावरच पूर्ण विश्वास ठेवायचा, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

या खेळाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. तो कागदावर खेळला जात होताच. १९३१ साली अमेरिकेत ‘साल्वो’ या नावाने त्याच्या छापील वह्या विकायला आल्या आणि १९६७ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने झाकण आणि खुंट्या असलेला प्लास्टिकचा खेळ काढला. ‘साल्वो’ची रीत अजूनही खेळली जाते: पाळी आली की आपली जेवढी जहाजं शिल्लक तेवढे नेम एकदम. सुरुवातीला पाच, एक बुडालं की चार. जो मागे पडतो त्याचे नेमही कमी होतात, त्यामुळे तिथे बाजी फिरवणं अवघड. मोठ्यांना ही रीत आवडेल. लहानांना एकेक नेमाचीच बरी, कारण तिच्यात शेवटचा मचवा उरला असतानाही डाव पालटू शकतो आणि हरत असलेला पोरगा अर्ध्यावर उठून जात नाही.

प्लास्टिकच्या खेळात डाव संपला की खुंट्या काढून डबीत भरायच्या. कागदाचं तसं नसतं. डाव संपल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आणि एकमेकांचं पान वाचायचं, हा मला या खेळाचा सर्वांत रसाळ भाग वाटतो. आतापर्यंत ऐकून मांडलेलं सगळं आता डोळ्यांनी दिसतं. उजव्या चौकोनातले ठिपके डावीकडच्या जहाजांभोवती कसे घुटमळले, कुठून एका घराच्या अंतराने निघून गेले, कुठे एक पूर्ण पट्टा कोणी तपासलाच नाही, ते सगळं पानावर राहिलेलं असतं. उत्तरं खरी होती का, हेही याच वेळी कळतं. म्हणून जिंकलेल्यानेही पान दाखवलंच पाहिजे, अशी रीत आमच्याकडे आहे आणि ती मोडू देऊ नये.

‘ठ च्या ओळीत एकदाही मारलं नाहीस तू,’ ताई पानावर बोट ठेवते. ‘माझा मचवा तिथेच होता, ठ आठ आणि ठ नऊ.’

‘मला वाटलं, कडेला कोण ठेवील?’

‘गेल्या डावात तूच ठेवला होतास की.’

धाकटा तिचं पान स्वतःकडे ओढून घेतो आणि पहिल्या ठिपक्यापासून मोजायला लागतो. हरलेल्याची पाळी पहिली असते. नवा चौकोन आखायच्या आधी त्याला ताईचे सगळे नेम ओळीने बघायचे आहेत.