डाइव्ह साइटचे अक्षांश-रेखांश: नक्की कुणाचे?

प्रवाळांच्या सर्वेक्षणावरचा एखादा पेपर उघडा आणि 'अभ्यासक्षेत्र' हा भाग वाचा. साइटचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत दिलेले बऱ्याचदा सापडतील. अक्षांशाचा सहावा अंक म्हणजे साधारण 11 सेंटीमीटर. हातातला साधा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, मग हे 11 सेंटीमीटर आले कुठून? स्क्रीनवर दिसले तसे उतरवले, बास.

माझा खरा आक्षेप मात्र पुढेच आहे. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, त्यामुळे नोंद होते ती होडीची. समजा, मालवणला 10 मीटर खोलीवर नांगर टाकलाय आणि 40 मीटर दोर सोडलाय. दोर ताणलेला असेल तर होडी नांगरापासून आडवी जवळपास 39 मीटर लांब असते. दुपारी वारा फिरला की ती नांगराच्या पलीकडच्या बाजूला. नांगर जागचा हललेला नाही, पण दोन नोंदींत 75 मीटरहून जास्त फरक! शिवाय तुम्ही नांगरापासून पोहत आणखी कुठेतरी गेलेले असता.

याने काय बिघडतं? ब्लीचिंगनंतर त्याच जागी परत जाऊन जिवंत प्रवाळ किती उरलं ते मोजायचं असतं. आकडा निम्म्यावर आला, तर प्रवाळ मेलं की आपण शेजारच्या खडकावर उतरलो, हे कसं सांगणार? माझ्या पहिल्या सीझनच्या तीन साइट मला तुलनेतून काढाव्या लागल्या. एका साइटवर तर वहीतली 02.50 मिनिटं मी एक्सेलमध्ये 2 मिनिटं 50 सेकंद म्हणून भरली होती. खरी ती 2 मिनिटं 30 सेकंद. अक्षांशात सहाशे मीटरच्या वर चूक. ती वहीमुळे सुधारता आली. दोराची लांबी मात्र वहीत लिहिलेलीच नव्हती.

तेव्हा जीपीएस वॉटरप्रूफ पिशवीत घालून बोयाला बांधा, ट्रॅक चालू ठेवा आणि बोया आखूड, ताठ दोरीने सोबत न्या. फोटोची वेळ ट्रॅकशी जुळवली की प्रत्येक क्वाड्रॅटची जागा मिळते. उतरण्याआधी जीपीएसच्या घड्याळाचा एक फोटो काढाच. (ट्रॅक फाइलमधली वेळ बहुधा यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.) पेपरमध्ये नोंद होडीची की बोयाची, खोली किती, दोर किती, डेटम कोणता, एवढं एका ओळीत लिहा. दरवर्षी परत यायचं असेल तर तळाशी कायमची खूण सगळ्यात खात्रीची. पण मालवण 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी काढा.