थकलेली देवी आणि खेळाचा दुसरा भाग

मंडळी, धाराशिवात बसून व्हिडिओ गेमवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटेल. पण आज ज्या खेळाबद्दल आम्ही बोलणार आहोत तो पुण्यात बनला, आणि त्याच्या केंद्रस्थानी दुर्गा आहे. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात त्याची चर्चा व्हायलाच हवी.

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ 2020 मध्ये आला. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न झाला होता, तो फसला. तरी मंडळींनी काम सोडलं नाही. गोष्ट साधी आहे. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवून नेलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि तिच्या हाती आलेला त्रिशूळ. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत ही गोष्ट आपल्याला सांगतात. भिंतींवरची चित्रं, छायाबाहुल्या, राजस्थानी वळणाचे महाल. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण खेळ पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट मधेच तोडल्यासारखा वाटतो, ही तक्रार तेव्हाच झाली. आता ‘राजी : कलियुग’ या पुढच्या भागाची घोषणा झाली आहे.

काटेकोर बोलायचं तर ‘राजी’ हा भूमिका घेऊन खेळायचा, म्हणजे आरपीजी प्रकारचा खेळ नाही. तो मारामारीचा साहसी खेळ आहे. पण दुसऱ्या भागाकडून खेळणाऱ्याची जी अपेक्षा असते ती ओळखायची तर आरपीजीकडेच बघावं लागतं. या प्रकाराला आपल्याकडे जुना शब्द आहे : सोंग. बहुरूपी सोंग घेतो तेव्हा नुसता वेश बदलत नाही. समोरचा काय म्हणतो त्यावर त्याचं पुढचं वाक्य ठरतं. खेळणाऱ्यालाही तेच हवं असतं. आपण काहीतरी केलं, तर समोरच्या जगाने त्याची दखल घ्यावी.

विचारलं तर खेळणारा काय सांगतो? नकाशा मोठा करा, हत्यारं वाढवा, राक्षस वाढवा. आमचं म्हणणं असं, की ही मागणी खरी असली तरी ती वरवरची आहे. ‘बॉल्डर्स गेट’चा दुसरा भाग 2000 मध्ये आला, तेव्हा पहिल्या भागातलं आपलं पात्र त्यात घेऊन जाता येत होतं. ‘मास इफेक्ट’च्या दुसऱ्या भागात, 2010 मध्ये, आधी घेतलेले निर्णयही सोबत आले. लोक त्या खेळांवर आजही जीव टाकतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. उलट ‘ड्रॅगन एज’चा दुसरा भाग बघा, 2011 चा. त्याच त्या गुहा पुन्हा पुन्हा आल्या आणि खेळणारे वैतागले. जागा कमी असल्याचा हा राग नव्हता. जागेला स्वतःचं काही म्हणणं नव्हतं, म्हणून राग होता.

जागेचं म्हणणं म्हणजे काय, ते नळदुर्गात कळतं. किल्ल्यात बोरी नदीवर बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की नर-मादी धबधबे कोसळतात, आणि महालाच्या खिडकीतून ते पाणी समोर दिसतं. तिथे नदीची पातळी हाच नियम. असा एक किल्ला, पाण्यानुसार वाट बदलणारा, पन्नास रिकाम्या महालांना भारी पडेल. लहान कंपनीला हे परवडतं. अफाट नकाशा परवडत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुळजापुरात नवरात्राआधी देवी पलंगावर झोपते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा कोजागरीपर्यंत निद्रा. या दुसऱ्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून तिला विश्रांती. त्यासाठी बुऱ्हाणनगरहून पालखी येते, माणसं राबतात, सेवा करतात. म्हणजे बघा, आपल्या परंपरेत गोष्ट असुर मेल्यावर संपत नाही. विजयाची किंमत असते, ती अंगावर दिसते, आणि जिंकणाऱ्याला सांभाळायला गाव लागतं.

‘राजी’च्या पहिल्या भागात नेमकं हेच नाही. शहरं सुंदर आहेत पण ओस आहेत. राजी लढते, शक्ती मिळवते, पुढे जाते. तिला पाणी विचारणारं कोणी नाही. देव बोलतात, माणसं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे मूर्ती, मंडलं, त्रिशूळ हे सगळं देखणं असूनही पडद्यामागच्या नक्षीसारखं राहतं. परदेशी खेळणाऱ्याला ते नवं वाटेल. भूम-परंड्याच्या पोराला मात्र देवी ओळखीची आहे. त्याला फक्त तिचं दर्शन पुरणार नाही.

कोणी म्हणेल, मारामारीच्या खेळात एवढं कशाला? हा आक्षेप रास्त आहे, लढाई आधी चांगली हवीच. हत्याराचा घाव बसल्यासारखा वाटला पाहिजे, कॅमेरा आड येता कामा नये. पण ते झाल्यावरही प्रश्न उरतो : ही पोर कोणासाठी लढतेय?

सुधारित आवृत्तीत पुढे हिंदी आवाज आले, हे पाऊल चांगलंच. दुसऱ्या भागाने भाषेसोबत माणसंही आणावीत. राजीने वाचवलेलं एखादं गाव पुढे तिला ओळखू दे, आणि जिथे ती पोचली नाही तिथे कोणी तिच्याकडे पाठ फिरवू दे. एवढं केलं तरी नकाशा आपोआप मोठा वाटेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.