विद्या आणि भाकर: न्यूमन यांच्या ग्रंथाचे उशिराचे वाचन

संत जॉन हेन्री न्यूमन यांना पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेच्या आचार्यांच्या मालिकेत स्थान दिले. तेव्हापासून त्यांच्या ‘द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी’ या ग्रंथाचे नाव आपल्या शिक्षणसंस्थांच्या व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते. ख्रिस्ती महाविद्यालय कशासाठी असावे, हे सांगणारा याहून थोर ग्रंथ नाही, असे वक्ते सांगतात आणि ते खोटे नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच सांगत आलो. आज मात्र त्या स्तुतीला थोड्या पश्चात्तापाची जोड द्यावी असे वाटते. संताच्या ग्रंथात उणे शोधणे धर्मगुरूला शोभत नाही, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या उणिवेची झळ एका कुटुंबाला आमच्या हातून लागली, तिच्याविषयी मौन पाळणे त्याहूनही शोभणारे नाही.

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. धर्मग्रामातील एक फुलबागायतदार आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. त्याला तत्त्वज्ञान शिकायचे होते. वडिलांचे म्हणणे, त्याने हाताला काम देणारा एखादा डिप्लोमा करावा. आम्ही न्यूमनचे दाखले देत तासभर बोललो. ज्ञान हेच ज्ञानाचे फळ आहे, विद्यालय म्हणजे कारखाना नव्हे, असे बरेच काही सांगितले. शेवटी ते एवढेच म्हणाले, “तुम्ही सांगता म्हणून, फादर.” तो मान आमच्या युक्तिवादाला नव्हता, आमच्या झग्याला होता, हे आम्हांला तेव्हा कळले नाही.

मुलगा एका लहान ख्रिस्ती महाविद्यालयातून पदवीधर झाला. पुढची चार वर्षे त्याला स्थिर काम मिळाले नाही. कुठे शिकवण्या, कुठे रात्रपाळीची कारकुनी, कुठे काहीच नाही. वडील मात्र पहाटेच्या गाडीने फुलांचा भारा घेऊन दादरच्या बाजारात जात राहिले. त्यांनी आम्हांला कधी दोष दिला नाही. पास्काच्या काळात घर आशीर्वादित करायला गेलो, तेव्हा पाण्याचा पेला हाती देत त्यांनी सहज विचारले, “फादर, तुमच्या त्या पुस्तकात पोटाचं काही लिहिलंय का?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, कारण तो ग्रंथ आम्ही पूर्ण वाचलेलाच नव्हता. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही वाचली ती त्यातील गाजलेली प्रवचने. ग्रंथाचा उत्तरार्ध आमच्या प्रतीत तसाच कोरा करकरीत राहिला होता. त्या प्रश्नाने तो उघडायला लावला. जे आढळले ते येथे मांडत आहोत.

प्रथम ग्रंथाची जन्मकथा. १८४५ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडमध्ये बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे धर्मनिरपेक्ष क्वीन्स कॉलेजे स्थापन केली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कॅथलिकांना १७९३पासून प्रवेश होता, पण तेथील मानाच्या जागा प्रॉटेस्टंटांसाठीच राखीव होत्या. १८५०च्या थर्ल्स येथील धर्मसभेत आयरिश महागुरूंनी क्वीन्स कॉलेजांविरुद्ध निर्णय दिला आणि स्वतंत्र कॅथलिक विद्यापीठाचे काम हाती घेतले. महागुरू पॉल कलन यांच्या निमंत्रणावरून न्यूमन यांनी १८५२च्या मे-जूनमध्ये डब्लिनमध्ये पाच व्याख्याने दिली. पुढे त्यांत लिखित प्रवचनांची भर पडली आणि १८७३ साली नऊ प्रवचने व इतर दहा व्याख्यान-लेख मिळून आजचा ग्रंथ सिद्ध झाला.

प्रत्यक्ष विद्यापीठ ३ नोव्हेंबर १८५४ रोजी सेंट स्टीफन्स ग्रीन येथील एका घरात सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी वीसहून कमी होते. आपल्याकडच्या एखाद्या बालवर्गाचीही पटसंख्या याहून मोठी असते! नाव विद्यापीठ, पण वस्तुतः ते एक लहानसे ख्रिस्ती महाविद्यालय होते. त्याचा खर्च चालत होता तो गावोगावच्या चर्चमधून गोळा होणाऱ्या वर्गणीवर. वर्गणी देणारे कोण? १८४५ ते १८४९च्या महादुष्काळातून वाचलेले लोक. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला. उपासमारीची आठवण ताजी असलेल्या या समाजासमोर न्यूमन यांनी ‘ज्ञान हेच स्वतःचे साध्य’ हा सिद्धान्त मांडला.

सिद्धान्त म्हणून तो खरा आहे, हे आम्ही आजही मानतो. शरीराचे आरोग्य जसे स्वतःच चांगले असते आणि त्याच वेळी प्रत्येक श्रमाला उपयोगी पडते, तशी बुद्धीची मशागत, हा न्यूमन यांचा दृष्टान्त आहे. सातव्या प्रवचनात तर त्यांनी आमच्या फुलबागायतदाराचाच प्रश्न हाती घेतला आहे: या विद्येचा धंद्याला उपयोग काय? उत्तर असे की, जे चांगले ते उपयोगी ठरतेच, मात्र उपयोगी ते प्रत्येक वेळी चांगले असेलच असे नाही. ज्याची बुद्धी घडली आहे, तो एकदम वकील किंवा वैद्य होणार नाही, परंतु पुढे कोणतेही काम उचलण्याची पात्रता त्याच्या अंगी येईल.

आमच्या मते ग्रंथाचे सारे बळ आणि सारी उणीव या ‘एकदम नाही’मध्ये आहे. एकदम नाही, तर मग केव्हा? आणि तोवर घर कोणी चालवायचे? ऑक्सफर्डच्या ज्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून हा विचार घडला, त्यांतील बहुतेकांच्या मागे जमीनजुमला होता, ओळखीपाळखी होत्या. त्यांच्यासाठी पदवी आणि उपजीविका यांमधली दरी वडिलांच्या पैशाने भरली जाई. आयरिश शेतकऱ्याच्या मुलाची ती दरी कोण भरणार, याचा हिशेब नऊ प्रवचनांत कोठेही नाही. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही आपली म्हण थोडी उद्धट असेल, पण ज्या घरात ती जन्मली त्या घराची परिस्थिती तिला ठाऊक आहे.

न्यूमन यांना ओढाताण माहीतच नव्हती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांच्या वडिलांची पेढी १८१६ साली बुडाली. वडिलांनी त्यांना वकिलीसाठी लिंकन्स इनमध्ये नाव नोंदवून ठेवले होते. १८२० साली पदवीपरीक्षेत अतिश्रमाने ते कोलमडले आणि अगदी खालच्या श्रेणीत कसेबसे उतरले. तेव्हा कोणी ‘पदवीधरांची प्रगती’ मोजली असती, तर न्यूमन यांचे नाव अपयशाच्या रकान्यात पडले असते. दोनच वर्षांनी, १८२२ साली, ऑरिएल कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडले. पहिल्या निकालावरून माणूस मोजू नये, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते. परंतु स्वतःला लाभलेली ऑरिएलची संधी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे प्रवचने लिहिताना त्यांच्या लेखणीतून निसटले, असे आम्हांस वाटते.

आता त्या न वाचलेल्या उत्तरार्धाकडे वळू. डब्लिनच्या नव्या विद्यापीठाला सरकारने सनद नाकारली, त्यामुळे त्याच्या पदवीला सरकारदरबारी मोल नव्हते. आईबापांनी पाठ फिरवली, ती नास्तिकपणामुळे नव्हे. पदवी घेऊन पोराने करायचे काय, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. एकच शाखा भरभराटीला आली: सेसिलिया स्ट्रीटवरील वैद्यकीय विद्यालय. न्यूमन यांनी ती इमारत मिळवून १८५५ साली ते सुरू केले. तेथील विद्यार्थी व्यवसायाचा परवाना राजमान्य वैद्यकीय संस्थांकडून घेऊ शकत, म्हणून सनदेवाचूनही त्यांची वाट अडली नाही. विद्यापीठाच्या इतर शाखा खंगत गेल्या. वैद्यकीय विद्यालय मात्र टिकले आणि १९०८ साली नव्या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाल्यावर युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनची वैद्यकीय शाखा बनले. ज्ञान हेच साध्य, असे सांगणाऱ्या कुलगुरूचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे पोटापाण्याची विद्या देणारी शाळा!

यात विसंगती आहे, पण ढोंग नाही. उत्तरार्धातील शेवटची दोन व्याख्याने १८५८ सालची आहेत. त्यांपैकी पहिले संध्याकाळच्या वर्गांसाठी आहे, म्हणजे दिवसभर काम करून सायंकाळी शिकायला येणाऱ्या डब्लिनच्या तरुणांसाठी. दुसरे, अर्थात ग्रंथातील अगदी अखेरचे, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी. पहिल्यात ते सांगतात की, नुसते ऐकून विद्या येत नाही. प्रश्नाला उत्तर देता यावे लागते, मनाला शिस्त लावावी लागते. दुसऱ्यात ते भावी डॉक्टरांना बजावतात की, आपल्या शास्त्राचे सत्य हेच संपूर्ण सत्य मानू नका. देहाच्या वर आत्मा आहे. येथे न्यूमन धंदेशिक्षणाला हिणवत नाहीत. ते त्याच्या शेजारी बसतात आणि त्याला मोठे करू पाहतात. प्रवचनांतील न्यूमन आम्ही डोक्यावर घेतले. रात्रवर्गातील न्यूमन आम्हांला भेटलेच नव्हते.

‘एलिमेंटरी स्टडीज’ या लेखातील प्रवेशपरीक्षेचा गमतीदार प्रसंगही असाच. ब्राउन नावाच्या मुलाने पुष्कळ वाचले आहे, पण ‘अॅनाबॅसिस’ या साध्या शब्दाचा अर्थ विचारताच त्याची भंबेरी उडते. वडील मात्र पोराच्या वाचनावर खूश! ढिसाळ बहुश्रुतपणा म्हणजे विद्या नव्हे, हे न्यूमन इतक्या नेमकेपणाने सांगतात की, आमच्या काही लहान महाविद्यालयांनी हा प्रसंग भिंतीवर लावावा. ‘आम्ही व्यक्तिमत्त्व घडवतो’ असे सांगायचे आणि तीन वर्षांनी मुलाला एक अर्ज बिनचूक लिहिता येऊ नये, ही न्यूमनभक्ती नव्हे.

दुसऱ्या टोकाचा मोहही ओळखायला हवा. आज आपल्या देशात महाविद्यालयांची राष्ट्रीय क्रमवारी लागते. २०१६पासून प्रसिद्ध होणाऱ्या या क्रमवारीत पदवीधरांच्या नोकऱ्या, उच्च शिक्षण आणि त्यांचा मध्यक पगारही विचारात घेतला जातो. अमेरिकेतही २०१५पासून सरकार महाविद्यालयनिहाय कमाईचे आकडे लोकांपुढे ठेवते. हे आकडे आईबापांना मिळावेत, असेच आमचे मत आहे. ज्याच्या घामावर फी भरली जाते, त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. पण लहान ख्रिस्ती महाविद्यालयाच्या वर्गातून एक मुलगी व्रतस्थ भगिनी झाली, एक मुलगा सेमिनरीत गेला, दोघे तलासरी-डहाणूकडील आदिवासी शाळांत शिक्षक झाले, तर त्या वर्गाचा मध्यक खाली सरकतो. आकडा खोटे बोलत नाही. तो फक्त अर्धेच बोलतो. न्यूमन यांच्या विद्यापीठाचा वारसा चालवणाऱ्या डब्लिनच्या कॉलेजातून १९०२ साली जेम्स जॉइस पदवीधर झाला. तो श्रद्धेपासून दुरावला, ही आपली खंत. पण न्यूमन यांच्या गद्याची थोरवी त्याने कधी नाकारली नाही. पदवीनंतर अनेक वर्षे तो परक्या देशात इंग्रजीच्या शिकवण्या करीत आणि उधारीवर दिवस काढीत होता. त्या काळात त्याचा पगार मोजून त्याच्या कॉलेजाविषयी काय कळले असते?

तेव्हा आमचे मत असे. ग्रंथ थोर आहे, पण तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा, आणि संस्थाचालकांनी त्याची ढाल करू नये. मुलाला कला वा तत्त्वज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या पालकांनी निःसंकोच विचारावे: तुमच्याकडून गेलेली मुले एका वर्षानंतर कुठे होती, आणि दहा वर्षांनंतर कुठे आहेत? फलकावर नावे असलेली नव्हेत, सगळी. मध्येच शिक्षण सोडून गेलेली किती आणि का? पदवीबरोबर हाताला एखादे काम शिकण्याची संध्याकाळची सोय आहे का? हे प्रश्न विचारणे म्हणजे विद्येचा अपमान नव्हे. आपला प्रभूही नासरेथमध्ये सुताराचे काम करीत वाढला. आणि आम्हा धर्मगुरूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, दुसऱ्याच्या मुलाला ‘एकदम नाही’ असे सांगण्याआधी, तोवर त्या घरात चूल कशी पेटणार, हे विचारून घ्यावे.

तो मुलगा आज एका पतसंस्थेत काम करतो. पगार बेताचा आहे. रविवारी मिस्सात तो वाचन करतो, तेव्हा लोक कान देऊन ऐकतात, कारण वाचलेले त्याला समजलेले असते. अलीकडे आम्ही त्याच्याकडे मन मोकळे केले. तो म्हणाला, “फादर, शिकलो त्याचा पश्चात्ताप नाही. बाबांच्या त्या चार वर्षांचा आहे.”

त्याचे वडील गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेले. त्या पुस्तकात पोटाविषयी लिहिले आहे, पण ते शेवटच्या पानांत आहे आणि आम्ही तिथवर पोहोचलो नव्हतो, हे उत्तर त्यांना द्यायचे राहून गेले. ते येथे, त्यांच्याच धर्मग्रामातील वाचकांना देत आहोत.